प्रोसेसरला न छळता रॅमचा वेग कसा वाढवायचा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

मी ३२०० वेगाची रॅम विकत घेतली आणि दीड वर्ष ती २४०० वर चालवली. पत्ताच नव्हता. खोक्यावर ३२००, बिलावर ३२००, म्हणजे ती ३२०० नेच पळत असणार, असं धरून चाललो होतो. एकदा चुलतभाऊ घरी आला, त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि हसायलाच लागला. त्या रागात मी त्याच रात्री बायोसमध्ये (मदरबोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये) शिरलो, दिसेल तो आकडा वाढवला आणि पुढचे दोन आठवडे निस्तरत बसलो.

हा लेख त्या दोन आठवड्यांतून आला आहे. माझा पीसी: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ पिढीच्या रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. खालचे आकडे या जोडणीचे आहेत. डीडीआर५ आणि इंटेलवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय, पण पायऱ्यांचा क्रम सगळ्यांना सारखाच.

आधी एक जुनी भीती काढून टाकू. कोअर २ च्या जमान्यात प्रोसेसर आणि रॅम एकाच बसच्या घड्याळाला बांधलेले असत. बस वाढवली की दोघंही पळायला लागायचे, मग प्रोसेसरचा मल्टिप्लायर (बसच्या वेगाला गुणणारा आकडा) खाली आणत बसावं लागे. आता रॅमचं गुणोत्तर वेगळं लावता येतं आणि १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला, म्हणजे मूळ घड्याळाला, हात लावायची गरज पडत नाही. तो लावूही नका.

पण याचा अर्थ प्रोसेसर या खेळात नाही, असा नव्हे. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात असतो. रॅम पळवली की त्यालाही पळावं लागतं, आणि मदरबोर्ड ‘ऑटो’वर असेल तर तो तुम्हाला न विचारता या भागाला जादा व्होल्टेज देऊन मोकळा होतो. पीसी चालू झाला, गिऱ्हाईक खूश. प्रोसेसर छळला जातो तो इथे. म्हणून या लेखातली चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, ती वगळू नका.

१. जवळ काय काय हवं

- मदरबोर्डचं मॅन्युअल. कागदी हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून फोनमध्ये ठेवा. पीसी बंद पडल्यावर पीसीवरची पीडीएफ उघडत नाही, हे मी शिकलो आहे.
- रॅमच्या स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो. मॉडेल नंबर, टायमिंग (रॅम किती ठोके थांबते ते आकडे), व्होल्टेज सगळं त्यावर असतं.
- रॅम, बोर्ड आणि प्रोसेसरची बिलं. ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने मेमरी चालवली तर प्रोसेसरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. हे पटणार नसेल तर इथेच थांबलेलं बरं.
- विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की. बायोसमध्ये बदल केल्यावर, विशेषतः बायोस अपडेट केल्यावर, विंडोज ती मागू शकतं. नसेल तर आपलाच डेटा आपल्याला कुलूपबंद. आधी कागदावर लिहून घ्या.
- एक रिकामा पेनड्राइव्ह, मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी.
- विंडोजमध्ये: आकडे बघायला सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, झेनटायमिंग्ज; रॅम तपासायला टेस्टमेम५. सगळी फुकट मिळतात.
- महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. आणि ती डिस्क काढून ठेवलेली.
- एक स्क्रू-ड्रायव्हर, एक वही.

बायोस जुना असेल तर तो आधी अपडेट करा, कारण मेमरीची वागणूक त्याने बरीच सुधारते. मात्र यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वेळा बघून करा. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली, की बोर्ड दुकानात न्यायची पाळी येऊ शकते.

२. आधी आहे ते बघा

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग दिसतो. सीपीयू-झेड उघडलंत तर त्याच्या निम्मा आकडा दिसेल आणि पोटात गोळा येईल. येऊ देऊ नका. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून १६०० मेगाहर्ट्झ म्हणजेच बाजारातलं ३२००.

मग कॅबिनेट उघडून स्लॉट बघा. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. असेंबल करून देणारे पुष्कळदा शेजारीशेजारी खोचून देतात आणि मग दोन चॅनलऐवजी (रॅम ते प्रोसेसर या वाटांऐवजी) एकच चालतो. दोन चॅनलवर ३२०० चा सैद्धांतिक वेग सेकंदाला ५१.२ जीबी, एका चॅनलवर त्याच्या बरोबर अर्धा. ही एक चूक सुधारण्यातला फायदा पुढच्या सगळ्या उपद्व्यापांपेक्षा मोठा आहे.

वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक असतील तर अपेक्षा कमी ठेवा. मॉडेल नंबर तंतोतंत तोच असूनही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. चार स्टिक असतील तर आणखी कमी.

३. एक्सएमपी लावा आणि तिथेच मुक्काम करा

रॅमच्या स्टिकवर एका छोट्या चिपमध्ये तिचे वेग लिहून ठेवलेले असतात. बोर्ड आपणहून सुरक्षित, सावकाश वेग निवडतो. खोक्यावरचा वेग हवा तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. काही एएमडी बोर्डांवर याच गोष्टीला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पोही दिसेल.

एक्सएमपी लावा, सेव्ह करा, रिस्टार्ट करा. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीने ते बहुधा १.३५ होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, स्टिक त्यासाठीच बनवलेली असते.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: काही बोर्ड एक्सएमपीबरोबर प्रोसेसरचं बूस्ट (काम पडल्यावर आपणहून वाढणारा वेग) वाढवायचा पर्यायही पुढे करतात. इंटेलच्या बोर्डांवर त्याला मल्टिकोअर एनहान्समेंट असं काहीसं नाव असतं आणि एक्सएमपी निवडताच एक खिडकी उघडून विचारते. ‘नाही’ म्हणा. एएमडीवर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा. दुसरा सापळा म्हणजे बायोसच्या पहिल्याच पानावरचं ते चकचकीत ‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ बटण. ते नेमकं काय काय बदलतं हे बोर्ड सांगत नाही, म्हणून आपण ते दाबायचं नाही.

पीसी एक्सएमपीवर दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापरा. बऱ्याच जणांनी इथेच थांबावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. २४०० वरून ३२०० वर गेल्यावर जो फरक जाणवतो, तो पुढे ३६०० ला पुन्हा जाणवत नाही.

४. प्रोसेसरच्या बाजूचं व्होल्टेज हाताने बांधा

आता वेग वाढवण्याआधी दावं बांधायचं. रायझनवर तीन नावं शोधा: एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं), व्हीडीडीजी (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या रस्त्याचं) आणि व्हीडीडीपी (रॅमशी जोडणाऱ्या सर्किटचं). ती बोर्डागणिक वेगवेगळ्या पानांवर लपलेली असतात, मॅन्युअल इथे लागतं.

माझ्या बोर्डाने ऑटोवर एसओसीला १.१८ व्होल्ट लावून ठेवले होते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ लिहिलेली ओळ असते, खरा आकडा तिथे बघा. ३६०० साठी एवढ्याची काही गरज नव्हती. मी १.१० वरून सुरुवात केली, मग एकेक पायरी उतरत १.०५ वर आलो आणि पीसी तिथेही निवांत चालला. व्हीडीडीजी मी ०.९५ ठेवलं, व्हीडीडीपी ०.९०. व्हीडीडीजी हे एसओसीमधूनच काढलं जातं, म्हणून ते एसओसीपेक्षा निदान ०.०४ ते ०.०५ व्होल्टने खाली हवं, नाहीतर लिहिलेला आकडा नुसता लिहिलेलाच राहतो.

जादा व्होल्टेजने काय बिघडतं? दूरची गोष्ट म्हणजे चिपचं आयुष्य. जवळची गोष्ट जास्त मजेशीर आहे. ५६००एक्स हा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्याला सॉकेटमधून एकूण ७६ वॅटपर्यंत वीज घ्यायची मुभा. या ७६ मध्येच कोअर आणि एसओसी दोघांचं भागवायचं असतं. एसओसीने ताटात जास्त वाढून घेतलं, की सगळे कोअर कामाला लागल्यावर त्यांच्या वाट्याला कमी येतं आणि त्यांचा बूस्ट उतरतो. म्हणजे रॅम पळवण्याच्या नादात प्रोसेसरच हळू. रेंडरिंग करताना हा फरक मी स्वतः पाहिला आहे.

नवख्यांसाठी माझी लक्ष्मणरेषा: एसओसी १.१० च्या वर नाही, रॅमचं व्होल्टेज १.४० च्या वर नाही. यात बसत नसेल तो वेग आपला नाही.

५. आता ३६००

रायझन ५००० ला एएमडीने अधिकृत वेग ३२०० चा दिलाय. त्याच्या पुढचं सगळं आपल्या जबाबदारीवर. तरी ३६०० हा मुक्काम सोयीचा आहे आणि त्याला कारण आहे.

प्रोसेसरच्या आत तीन घड्याळं असतात: रॅमचं, मेमरी कंट्रोलरचं आणि इन्फिनिटी फॅब्रिकचं. फॅब्रिक म्हणजे आतल्या भागांना जोडणारा रस्ता. तिन्ही एका तालात असली तर विलंब सर्वांत कमी. ३६०० ला तिन्ही १८०० वर येतात आणि बहुतेक ५६००एक्स हे विनातक्रार पेलतात. ३८०० लावून बाकी ऑटोवर सोडलंत तर बोर्ड मेमरी कंट्रोलरला निम्म्या वेगावर टाकू शकतो. आकडा मोठा, काम हळू. मी पहिल्या रात्री नेमकं हेच करून ‘झालं ३८००’ म्हणून झोपलो होतो.

बायोसमध्ये हे लावा:

- मेमरीचा वेग ३६००
- एफसीएलके (फॅब्रिकचं घड्याळ) १८००
- युसीएलके (मेमरी कंट्रोलरचं घड्याळ) आणि मेमरीचं घड्याळ समान
- टायमिंग १८-२२-२२-४२, कमांड रेट ऑटो
- रॅमचं व्होल्टेज १.३५, लागलंच तर १.३८

टायमिंगचा पहिला आकडा, म्हणजे सीएल, ३२०० च्या १६ वरून १८ केला म्हणजे पिछाडी झाली, असं वाटेल. हिशेब करून बघा. सीएलचा आकडा गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० ला १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० ला १८ म्हणजेही १०. पहिल्या उत्तराला लागणारा वेळ तेवढाच, पण त्यामागून येणारा डेटा सेकंदाला ५७.६ जीबीपर्यंत आणि फॅब्रिक १६०० वरून १८०० वर. आणि हो, गिअर डाउन मोड (रॅमला हुकूम निम्म्या ठोक्यांवर देणारं सेटिंग) चालू असेल तर १७ सारखा विषम सीएल लावून उपयोग नाही, बोर्ड तो गुपचूप १८ करतो.

टीआरएफसीच्या, म्हणजे रिफ्रेशला (रॅममधला गळणारा चार्ज पुन्हा भरायला) लागणाऱ्या वेळेच्या, वाटेला आत्ता जाऊ नका, ऑटो राहू द्या. ८ गिगाबिटच्या चिपला रिफ्रेशसाठी ३५० नॅनोसेकंद द्यायचे असा नियम आहे, ३६०० ला त्याचे ६३० ठोके होतात. झेनटायमिंग्जमध्ये याच्या आसपासचा आकडा दिसला की पुढे चला. त्याला कापून वेग काढणारे लोक आहेत, पण ते त्यांच्या चिपची कुंडली पाठ करून बसलेले असतात.

६. तपासणी

सेटिंग लावल्यावर थेट विंडोजमध्ये जाऊ नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवा. डळमळीत रॅमवर विंडोज सुरू केलं तर त्याच्याच फायली खराब होऊ शकतात, मग दोष कुठला आणि परिणाम कुठला हे कळेनासं होतं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी सेटिंग नापास. ‘एकच तर आहे’ हा हिशेब रॅमला लागू होत नाही.

त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. मग प्राइम९५ या प्रोग्रामची ब्लेंड चाचणी एक-दोन तास, कारण आधीच्या चाचण्या स्टिक तपासतात, ही मेमरी कंट्रोलरला दमवते. हे चालू असताना एचडब्ल्यूइन्फोच्या अगदी तळाशी डब्ल्यूएचईए एरर्सची (विंडोजने टिपलेल्या हार्डवेअरच्या चुकांची) ओळ बघत राहा. तिथे शून्यच हवं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ नंबरच्या नोंदी दिसायला लागल्या तर रॅमवर शंका घेण्याआधी एफसीएलके एक पायरी खाली आणा.

एवढी कटकट का, ते सांगतो. माझं ते पहिल्या रात्रीचं ३८०० ‘चालत’ होतं. गेम चालत होते, ब्राउझर चालत होता, निळी स्क्रीन एकदाही आली नाही. आठवड्याने बहिणीच्या लग्नाचे फोटो कार्डावरून उतरवले, झिप केले आणि फोटोग्राफरचं कार्ड परत करायच्या आधी सहज म्हणून झिप तपासली. सीआरसी एरर, म्हणजे फाइल खराब. फोटो उघडून पाहिले तर अक्षता टाकतानाचा फोटो वरून अर्धा शाबूत, खालचा भाग नुसता करडा पट्टा. असे अकरा निघाले. कार्ड हातात होतं म्हणून वाचलो. रॅमची चूक आरडाओरडा करत नाही, ती फायलींमध्ये हळूच बसते.

तपासणीच्या वेळी एआयडीए६४ या प्रोग्रामने रॅमचा वेग मोजलात तर ५६००एक्सवर लिहिण्याचा वेग वाचण्याच्या जवळपास निम्माच येईल, २८ जीबीच्या आसपास. तो बिघाड नाही. एकाच चिपलेटच्या (कोअर असलेल्या चिपच्या तुकड्याच्या) रायझनची रचनाच तशी आहे.

७. स्क्रीन काळी पडली तर

पडणारच, एकदा तरी. थांबा. बोर्ड रॅमशी जुळवून घ्यायचा दोन-तीनदा प्रयत्न करतो, पंखे बंद होतात, परत सुरू होतात. पाचेक मिनिटं हात लावू नका. बरेचदा तो आपणहून जुन्या वेगावर येतो.

नाहीच आला तर पीसी बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या सीमॉस क्लिअरच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ ची गोल बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत बसवा. बायोसमधली सेटिंग पुसली जातात, हार्डवेअरला काही होत नाही. पुढच्या वेळी एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहा.

८. डीडीआर५ किंवा इंटेल असेल तर

एएम५ (रायझन ७००० वगैरेंचा) बोर्ड आणि डीडीआर५: ६००० हा इथला सोयीचा मुक्काम, मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालवा, फॅब्रिकला ऑटो राहू द्या. पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, ते नॉर्मल आहे. एसओसी व्होल्टेज मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर अक्षरशः जळाले, त्यानंतर एएमडीने एसओसीला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बायोस त्याआधीचा असेल तर एक्स्पो लावण्यापूर्वी अपडेट करा. चार स्टिकचा मोह नको, रायझन ७००० चा अधिकृत वेगच दोन स्टिकना ५२०० आणि चारना ३६०० आहे.

इंटेलवर एसओसीच्या जागी व्हीसीसीएसए बघायचं. अकराव्या पिढीपासून गिअर १ (मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने) आणि गिअर २ (निम्म्या वेगाने) आहेत. डीडीआर४ ला गिअर १ टिकेल तोच वेग घ्या. बी४६० चिपसेटवर मेमरीचा वेग वाढवता येत नाही, बी५६० पासून पुढच्या बी मालिकेत येतो. बाराव्या पिढीच्या, नावात ‘के’ नसलेल्या प्रोसेसरवर व्हीसीसीएसए बंदिस्त आहे, त्यामुळे गिअर १ लवकर संपतो. तिथे झगडण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपवर बहुतेक वेळा हे पर्यायच नसतात.

९. उन्हाळा

हे मला कुठल्याच इंग्रजी व्हिडिओत ऐकायला मिळालं नाही. मी नागपुरात राहतो. जानेवारीत माझ्या सेटिंगने सगळ्या चाचण्या पास केल्या, रात्रभर एक चूक नाही. मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर, त्याच सेटिंगवर टेस्टमेम५ ने विसाव्या मिनिटाला चूक दाखवली.

रॅमच्या प्रत्येक घरात इवलासा चार्ज साठवलेला असतो आणि तो गळत राहतो, म्हणून रिफ्रेश लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. बाहेर ४५ अंश, खोलीत ३६-३७, कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाची धग, आणि रॅम बरोबर त्या धगीच्या वर. थंडीत कसाबसा टिकलेला आकडा तिथे घसरतो. मी व्होल्टेज वाढवलं नाही, उलट १.३८ वरून १.३५ वर आणलं, टायमिंग १८ चं १९-२३-२३ केलं, गिअर डाउन मोडने त्या १९ चे २० केले, ते चालवून घेतलं. पुढे एक पंखा जोडला. तेव्हापासून ऋतू बदलला की एक फेरी तपासणीची. तुमच्याकडे कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नका, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात.

शेवटी जे आकडे टिकले ते एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा: वेग, टायमिंग, रॅमचं व्होल्टेज, एसओसी, एफसीएलके, तारीख. बायोस अपडेट केला किंवा बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. माझ्या कागदावर दोन रकाने आहेत, एक हिवाळ्याचा आणि एक मे महिन्याचा.